सात गोव्यांएवढं मैदान

आधी थोडं गणित. चंद्रपूर जिल्हा ११,४४३ चौरस किलोमीटर, गडचिरोली १४,४१२. बेरीज २५,८५५. अख्खा गोवा ३,७०२. म्हणजे या दोन जिल्ह्यांच्या गोंडवाना विद्यापीठाच्या हद्दीत जवळपास सात गोवे मावतात! आणि आंतरविद्यापीठ फुटबॉलच्या नकाशात गोवा नि गोंडवाना ही दोन्ही विद्यापीठं एकाच पश्चिम विभागात येतात. एकीकडे फुटबॉल श्वासासारखा असलेलं इवलंसं राज्य. दुसरीकडे साग, बांबू, धान आणि वाघ यांच्या मुलखातून गोळा झालेली अठरा-वीस पोरं.

आणखी एक भागाकार. फुटबॉलचं नेहमीचं मैदान १०५ बाय ६८ मीटरचं. या दोन जिल्ह्यांच्या जमिनीवर तशी ३६ लाखांहून अधिक मैदानं आखता येतील. अर्थात त्यातला मोठा भाग जंगल आहे, आणि ते जंगलच राहायला हवं. पण एवढ्या पसाऱ्यातून एक संघ उभा करायचा म्हणजे काय काम असतं, त्याचा अंदाज या आकड्यावरून येतो. वनजिल्ह्यांतल्या कॉलेज फुटबॉलच्या हंगामाभोवती अशा कितीतरी गोष्टी आहेत. वाचा, आणि मॅच बघायला गेलात तर शेजारी बसलेल्यालाही सांगा.

पेले, मॅराडोना, मेस्सी आणि आपण

यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट विद्यापीठाच्या नावातच आहे. गोंडवाना म्हणजे गोंडांचा मुलूख. एकोणिसाव्या शतकात भूगर्भशास्त्रज्ञांनी इथल्या कोळसा असलेल्या खडकांच्या थरांना 'गोंडवाना' म्हणायला सुरुवात केली. पुढे एडुआर्ड स्यूस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानं तेच नाव एका प्राचीन महाखंडाला दिलं. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत हे सगळे तुकडे त्या काळी एकाला एक चिकटलेले होते. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी ते फुटायला लागले.

आता फुटबॉलप्रेमीच्या नजरेनं तो नकाशा बघा. ब्राझील गोंडवानातलं, अर्जेंटिना गोंडवानातलं, उरुग्वेसुद्धा गोंडवानातलंच. १९३० ते २०२२ या काळात पुरुषांचे २२ विश्वचषक झाले. ब्राझीलनं ५ जिंकले, अर्जेंटिनानं ३, उरुग्वेनं २. म्हणजे २२ पैकी १० चषक जुन्या गोंडवानाच्या मातीत गेले. पेलेचा गाव, मॅराडोनाचा गाव आणि आपला चामोर्शी-मूल-आलापल्लीचा पट्टा एके काळी एकाच भूखंडाचे भाग होते. पुरावा हवा असेल तर चंद्रपूरच्या कोळशाच्या थरांत शोधायचा. तिथं ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या वनस्पतीच्या पानांचे ठसे मिळतात, आणि तेच ठसे दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकातही मिळतात. सिरोंचा तालुक्यात तर वडधमला डायनोसोरांच्या काळातल्या जीवाश्मांचं उद्यानच आहे.

जगात असं दुसरं विद्यापीठ शोधून दाखवा, ज्याच्या संघाच्या छातीवर आख्ख्या महाखंडाचं नाव आहे!

छातीवरचं नाव

ते नाव छातीवर यायला मात्र २०११ साल उजाडावं लागलं. २७ सप्टेंबर २०११ रोजी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं. तोवर चंद्रपूर आणि गडचिरोलीची कॉलेजं १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठात होती. गडचिरोली जिल्हाच मुळात २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झालेला.

खेळाडूच्या दृष्टीनं विद्यापीठ स्थापनेच्या तारखेचं मोल फार मोठं आहे. नागपूर हा फुटबॉलचा जुना बालेकिल्ला. नागपूरचा राहुल क्लब, कामठीचा रब्बानी क्लब अशा क्लबांच्या हाताखाली तयार झालेली पोरं तिथल्या कॉलेजांत असायची. त्यांच्यातून वाट काढून ब्रह्मपुरीच्या किंवा अहेरीच्या मुलानं विद्यापीठाचा संघ गाठायचा, म्हणजे घाटच चढायचा. २०११ नंतर दोन जिल्ह्यांच्या कॉलेजांतूनच संपूर्ण संघ निवडायचा असं झालं. विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलेल्या खेळाडूला आपल्याकडे 'कलर होल्डर' म्हणतात. हा शब्द दुर्गम तालुक्यांच्या आवाक्यात आला, याचं मला मनापासून अप्रूप वाटतं.

हंगामाची रचना साधारण अशी: आधी आंतरमहाविद्यालयीन सामने, त्यातून निवड चाचणी, मग सराव शिबिर, मग पश्चिम विभागाची स्पर्धा. विभागातले पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीला जातात. खेळाडूचं वय १७ ते २५ च्या आत हवं. आणि या सगळ्याआधी एलिजिबिलिटी फॉर्म, मार्कशीटच्या झेरॉक्स, प्राचार्यांची सही, फोटो. फिजिकल डायरेक्टर सरांचा अर्धा हंगाम मैदानावर जातो नि अर्धा या फायलींत. त्या फायली वेळेत पोचल्या नाहीत तर दंडकारण्यातला मेस्सी बाकावरच बसणार, म्हणून त्या सरांनाही गोल करणाऱ्याइतकंच श्रेय द्यायला हवं.

पर्लकोटा फुगली की

सिरोंचापासून गडचिरोली दोनशेहून अधिक किलोमीटर. सिरोंचात प्राणहिता गोदावरीला मिळते. पलीकडे तेलंगण. तिथल्या मुलाला मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ. भामरागडात पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम. पावसाळ्यात पर्लकोटेचं पाणी पुलावर चढलं की भामरागडचा संपर्क तुटतो. कॉलेजांच्या स्पर्धांची आखणी व्हायचा काळही नेमका तोच. विरुद्ध संघ वेळेवर आला नाही तर नियमानं वॉकओव्हर द्यावा लागतो. इथं 'वेळेवर' हा शब्द नदीलाही विचारून घ्यावा लागतो.

गडचिरोली जिल्ह्यातलं रेल्वे स्टेशन म्हणून आजवर लोकांना ठाऊक असलेलं एकच, वडसा. बाकी सगळा प्रवास एस.टी.नं, काळीपिवळीनं, कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. आणि बुटांची पिशवी मांडीवर.

अकरा जण, पाच-सहा भाषा

या दोन जिल्ह्यांत झाडीबोली बोलली जाते, गोंडी आणि माडिया बोलली जाते, सिरोंचाकडे तेलुगू, छत्तीसगडच्या सीमेवर छत्तीसगढी. शिवाय बांगला! पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना दंडकारण्याच्या पट्ट्यात वसवलं गेलं, त्यांची गावं आज चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत आहेत. माणसं घरदार सोडून आली, पण माशांचं कालवण, दुर्गापूजा आणि फुटबॉल सोबत घेऊन आली. विदर्भाच्या कोपऱ्यात बंगालचं फुटबॉलवेड असं पोचलं. बल्लारपूर, घुग्घुस, माजरीच्या कोळसापट्ट्यात देशभरातून आलेल्या कामगारांच्या वसाहती आहेत, तिथंही हा खेळ रुजला. वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स, या कोळसा कंपनीच्या वेगवेगळ्या क्षेत्रांचे संघ आपसात फुटबॉल खेळतात.

तेव्हा मैदानावर कानावर काय पडेल याचा नेम नाही. झाडीबोलीत 'जवळ'चं 'जवर' होतं, त्यामुळे चेंडू 'जवर' मागणारा गडी कुठल्या अंगाचा, ते ओळखता येतं. गोंडीत एक म्हणजे उंदी, दोन रंड, तीन मुंड. पास, सेंटर, कॉर्नर, हँड हे शब्द मात्र सगळ्यांचे सारखे. आणि शिट्टीला भाषांतर लागत नाही.

बांधी, धुरा, बांबू

धानाच्या शेतातल्या एकेका तुकड्याला झाडीपट्टीत 'बांधी' म्हणतात आणि तिच्या कडेच्या मातीच्या बांधाला 'धुरा'. दिवाळीच्या आगेमागे धान कापलं, बांधी वाळली की तिचं मैदान होतं. धुरा ही टचलाइन! ती पुसली जात नाही आणि तिला फक्कीही मारावी लागत नाही. फक्त धानाच्या कापलेल्या बुंध्यांवरून चेंडू कसा उसळेल ते देवाला ठाऊक. अशा जमिनीवर चेंडू पायाशी ठेवायला शिकलेला मुलगा सपाट हिरवळीवर गेला की त्याला ती मखमल वाटते.

गोलपोस्टचं माप कायद्यानं ठरलेलं: दोन खांबांत ७.३२ मीटर, आडवी दांडी जमिनीपासून २.४४ मीटरवर. गावात हे दोन दगडांत किंवा दोन चपलांत भागतं. पण गडचिरोलीत बांबूची काय वाण? जंगलातला चांगला वाढलेला बांबू आठ मीटरच्या वर सहज जातो, म्हणजे आडवी दांडी एका अखंड बांबूत बसते.

इथं एक गंमत आहे. सुरुवातीच्या काळात इंग्लंडमध्ये दोन खांबांच्या वर नुसती फीत बांधायचे. टणक आडवी दांडी सक्तीची झाली १८८२ साली. आणि आजच्या नियमपुस्तकात चक्क लिहिलेलं आहे, की आडवी दांडी मोडली तर तिच्या जागी दोरी बांधून खेळ पुढे चालवता येणार नाही. दुरुस्ती झाली नाही तर मॅच रद्द. म्हणून राखीव बांबू जवळ ठेवावा!

बांबूवरून धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आठवणारच. २००९ मध्ये या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपला बांबू आपणच विकण्याचा मार्ग मोकळा झाला. एकाच वर्षी गावाला बांबू मिळाला आणि दोन जिल्ह्यांना स्वतःचं विद्यापीठ. २०११ मध्ये या मुलखानं स्वतःच्या नावावर बरंच काही करून घेतलं.

कतारला उशिरा कळलं

२०२२ चा विश्वचषक कतारमध्ये झाला तेव्हा उन्हामुळे तो जून-जुलैऐवजी २० नोव्हेंबर ते १८ डिसेंबर असा भरवावा लागला. जगभर त्याची चर्चा झाली. चंद्रपूरकरांना यात नवल वाटायचं कारण नव्हतं. मे महिन्यात पारा ४७ अंशांपर्यंत जातो तिथं फुटबॉलचा हंगाम थंडीतच असतो.

पाणी पिण्याची सुट्टीही अशीच. विश्वचषकात अशी अधिकृत सुट्टी पहिल्यांदा दिली गेली २९ जून २०१४ रोजी, ब्राझीलमधल्या फोर्तालेझा शहरात, नेदरलँड्स विरुद्ध मेक्सिको सामन्यात. आपल्याकडे ऑक्टोबरच्या उन्हात सर आपसूकच 'पाणी प्या रे' म्हणतात.

थंडीत एक अडचण आहे, आणि ती फार गोड आहे. दिवाळीनंतर झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो तो पार होळीच्या आसपासपर्यंत चालतो. वडसा हे त्याचं केंद्र. बैलांचे शंकरपट, मंडईची जत्रा आणि रात्री नाटक. पडदा उघडतो उशिरा आणि पडतो उजाडायच्या सुमारास. त्याच दिवसांत धानाची कापणी, बांधणी, मळणी. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला दिवसा बांधीतलं काम, संध्याकाळी सराव आणि रात्री नाटक! नाटकाच्या दुसऱ्या दिवशी मॅच असेल तर गोलकीपरची झोप झाली आहे का, ते आधी विचारून घ्यावं.

पहाटेचा सरावही इथं वेगळाच. चंद्रपूर जिल्ह्यात वाघांची संख्या दोनशेच्या वर आहे. जंगलाला लागून असलेल्या गावांत अंधारात एकट्यानं धावायला जाणं शहाणपणाचं नसतं, म्हणून घोळक्यानं, उजाडल्यावर. मैदानावर पोचावं तर तिथं पोलीस भरतीची पोरं आधीच १६०० मीटर नि पोरी ८०० मीटर मारत असतात, एका कोपऱ्यात गोळाफेक चालू. फुटबॉलवाले मधली जागा मागतात आणि त्यांना ती मिळते. संघातले कित्येक जण एक फेरी भरतीची, एक फेरी फुटबॉलची असं दोन्ही साधतात.

वाघाच्या नावाची ट्रॉफी

देशातल्या विद्यापीठांच्या पुरुष फुटबॉल अजिंक्यपदाला सर आशुतोष मुखर्जी ट्रॉफी म्हणतात. ती १९४१ साली सुरू झाली. राज्यांची संतोष ट्रॉफीसुद्धा त्याच वर्षीची. आशुतोष मुखर्जी कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि त्यांना लोक 'बांगलार बाघ' म्हणत. बंगालचा वाघ! ताडोब्याच्या मुलखातली पोरं वाघाच्याच नावाच्या करंडकासाठी खेळायला निघतात, यापेक्षा छान योगायोग मला सुचत नाही.

हिस्लॉप नावाचा धागा

'झुंड' तुम्ही पाहिला असेल. ४ मार्च २०२२ ला प्रदर्शित झालेला नागराज मंजुळेंचा चित्रपट, अमिताभ बच्चन प्रशिक्षकाच्या भूमिकेत. त्यामागचा खरा माणूस म्हणजे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे. २००१ मध्ये एका पावसाळी दिवशी त्यांनी झोपडपट्टीतली मुलं फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली. त्यांनी मुलांना फुटबॉल दिला, आणि त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं. त्यांच्याच तालमीत तयार झालेला अखिलेश पॉल २०१० मध्ये रिओला झालेल्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये भारताचा कर्णधार होता. चित्रपटातली मोनिका, म्हणजे रिंकू राजगुरूनं केलेली आदिवासी मुलगी, आठवते? परदेशी खेळायला जायचं तर पासपोर्ट हवा, पासपोर्टसाठी ओळखीचा कागद हवा, आणि त्या कागदासाठी तिची नि वडिलांची चाललेली पायपीट. ती पायपीट आमच्या भागात चित्रपटापुरती नाही. म्हणूनच मघाशी एलिजिबिलिटी फॉर्मबद्दल एवढं लिहिलं.

पण धागा इथं संपत नाही. कॉलेजाला ज्याचं नाव आहे तो स्टीफन हिस्लॉप कोण होता? स्कॉटलंडहून नागपूरला आलेला मिशनरी. पण त्याचा जीव दगडांत रमायचा. या भागातले जीवाश्म त्यानं गोळा केले, गोंडवानाच्या खडकांचं वय शोधायच्या मागे लागला. गोंडांची लिंगोची गाथाही त्यानं टिपून ठेवली, ती त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये छापली गेली. तो स्वतः १८६३ मध्ये ओढ्याच्या पुरात बुडून गेला. ज्या माणसानं गोंडवानाचे दगड आणि गोंडांची गाणी जपली, त्याच्या नावाच्या कॉलेजातून झोपडपट्टीतल्या मुलांचं फुटबॉल सुरू झालं. कुणी ठरवून जुळवलं असतं तरी इतकं नेमकं जुळलं नसतं.

अनवाणी कर्णधार

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताचा फ्रान्सशी सामना झाला. बहुतेक भारतीय खेळाडू अनवाणी होते. भारत १-२ असा हरला, त्यात दोन पेनल्टी हुकल्या. त्या संघाचा कर्णधार होता नागा टेकड्यांतला तालिमेरेन आओ. आणि तो होता कॉलेजचा विद्यार्थी, कलकत्त्याला डॉक्टरकी शिकत असलेला! उद्घाटनात देशाचा ध्वजही त्याच्याच हाती होता. पुढे मोहन बागानमधला खेळ संपवून तो डॉक्टर म्हणून आपल्या डोंगरात, कोहिमाला परत गेला. जंगलातल्या मुलानं शिकावं का खेळावं, हा प्रश्न गडचिरोलीत घरोघरी विचारला जातो. त्या घरांत आओची गोष्ट पोचायला हवी.

आज नियमानुसार बूट आणि शिन पॅड दोन्ही सक्तीचे आहेत. बांधीत अनवाणी वाढलेल्या पायाला स्टडची सवय लागायला पहिले दोन-तीन सामने जातात. त्या दिवसांत चेंडूपेक्षा बूटच जास्त जड वाटतो. चेंडूचं वजन तसं ४१० ते ४५० ग्रॅम, आणि तो बहुधा जालंधरचा किंवा मेरठचा. जालंधरचा हा उद्योग फाळणीत सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी उभा केला.

जाता जाता

१५ सप्टेंबर २०१७ रोजी महाराष्ट्रानं एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा संकल्प केला होता. १७ वर्षांखालच्या विश्वचषकाचं निमित्त होतं. त्या दिवशी पाचवी-सहावीत असलेली मुलं आता कॉलेजात आहेत.

मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केलं. ८,८४८ मीटर! या जिल्ह्यातल्या पोरांच्या दमसासाबद्दल कुणाला शंका असेल तर हे पुरे.

डिसेंबर २०२३ मध्ये बल्लारपूरजवळ विसापूरच्या क्रीडा संकुलात ६७ वी राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाली. देशभरातले धावपटू इथं येऊन पळून गेले.

आणि हंगाम संपतो कसा? फेब्रुवारीअखेर परीक्षेचे अर्ज, प्रॅक्टिकल, सबमिशन. मग मार्च उजाडतो आणि मोह गळायला लागतो. पहाटे उठायची सवय असते, ती कामी येते. फक्त मैदानाऐवजी पाय मोहाच्या झाडाकडे वळतात. टोपली भरेपर्यंत सूर्य वर येतो. कॉलेजातल्या कपाटात जर्सी धुऊन, घडी घालून, नंबर लावून ठेवलेल्या असतात. चेंडूतली हवा थोडी थोडी उतरत जाते. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, मृगाचे किडे दिसले, की कुणीतरी सरांकडे पंप मागायला येतं.